द्राक्षांच्या पेट्यांखालचा पाट

घरात जेवायला बसण्याचा जुना लाकडी पाट असेल तर तो एकदा उलटा करून पाहा. वर एक सपाट फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढीच त्याची रचना. त्या पट्ट्यांमुळे फळी जमिनीपासून दोन बोटे वर राहते. तिला जमिनीची ओल लागत नाही आणि पाट उचलताना बोटे घालायला जागा मिळते.

असाच, पण बराच मोठा आणि दणकट पाट आज जगभर फिरणाऱ्या मालाच्या खाली असतो. त्याला पॅलेट म्हणतात. जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत, निफाड किंवा दिंडोरी भागातील एखादे पॅकहाऊस पाहायला मिळाले, तर तेथे अशी शेकडो पॅलेट रचून ठेवलेली दिसतील. बागेतून आलेली द्राक्षे या पॅकहाऊसमध्ये निवडतात, लहान लहान पेट्यांत भरतात, थंड करतात आणि पॅलेटवर रचून युरोपकडे रवाना करतात. ही पॅलेट बहुधा लाकडी असतात. त्याच जिल्ह्यातील एखाद्या औषधांच्या कारखान्यात मात्र निळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकची पॅलेट दिसतात.

असे का? प्लॅस्टिक धुता येते, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. मग द्राक्षांसारख्या नाजूक मालासाठी लाकूड का वापरतात? आणि लाकूड स्वस्त आहे म्हणून वापरत असतील, तर औषधांच्या कारखानदाराला स्वस्त वस्तू नको आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे कीटकशास्त्र, थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे अंकगणित लागेल.

पॅलेट कशासाठी?

प्रथम अंकगणित. समुद्रमार्गे जाणारी द्राक्षे चाळीस फूट लांबीच्या शीतकंटेनरमधून जातात. व्यवहारात त्याला ‘रीफर’ म्हणतात. आत मालासाठी सुमारे ११.५ मीटर लांब आणि २.२९ मीटर रुंद जागा मिळते. पॅलेट १.२ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे असे धरा. कंटेनरमध्ये पॅलेटच्या दोन रांगा लावायच्या आहेत. एका रांगेत पॅलेटची १ मीटरची बाजू कंटेनरच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर ११ पॅलेट बसतात. दुसऱ्या रांगेत १.२ मीटरची बाजू लांबीच्या दिशेने ठेवली, तर ९ बसतात. एकूण २०. दोन्ही रांगांची मिळून रुंदी २.२ मीटर होते आणि ती २.२९ मीटरमध्ये मावते.

आता साडेचार किलो द्राक्षांची एक पेटी ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे असे समजू. पॅलेटवर एका थरात १० पेट्या बसतील. असे १५ थर रचले तर एका पॅलेटवर १५० पेट्या आणि कंटेनरमध्ये ३,००० पेट्या झाल्या. वजन झाले साडेतेरा टन. या तीन हजार पेट्या एकेक करून हातांनी चढवायच्या तर तासन् तास जातील, आणि तेवढा वेळ कंटेनरचे दार उघडे राहून आतला गारवा निघून जाईल. पॅलेट असेल तर फोर्कलिफ्ट आपले दोन पोलादी दांडे त्याच्या पोकळीत घालते आणि दीडशे पेट्या एकदम उचलते. तीन हजार खेपांचे काम वीस खेपांत होते.

पॅलेटचे आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. शीतकंटेनरमध्ये थंड हवा तळाच्या खाचांमधून येते आणि मालातून वर चढते. पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटी आणि पेट्यांना ठेवलेली भोके यांतूनच ती द्राक्षांपर्यंत पोहोचते. फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, तर मधल्या पेट्या गरम राहतील. फटी ठेवण्यामागे लाकूड वाचवणे हा एकच हेतू नसतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

लाकडातला चोरटा प्रवासी

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला खोड पोखरणारा भुंगेरा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची मादी वेलीच्या सालीच्या फटीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी खोडात शिरते आणि आतल्या आत बोगदे करीत लाकूड खात राहते. बाहेर थोडा भुसा पडलेला दिसतो, एवढीच काय ती खूण. पुष्कळदा वेल सुकू लागल्यावरच रोग समजतो. या भुंगेऱ्यांपैकी स्ट्रोमॅशियम बार्बेटम नावाची जात तर तोडलेल्या, वाळलेल्या लाकडातही वाढू शकते.

आता अशी कल्पना करा, की अळी आत असलेले लाकूड करवतीखाली गेले. त्याच्या फळ्या झाल्या, फळ्यांचे पॅलेट झाले आणि ते पॅलेट जहाजात बसून दुसऱ्या खंडात पोहोचले. तेथे अळीचा भुंगेरा झाला आणि तो बाहेर पडला. त्या देशात त्याचे नैसर्गिक शत्रू नाहीत. तेथील झाडांनी हा कीटक पूर्वी कधी पाहिलेला नसल्याने त्यांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्तीही नाही. पुढे काय होईल?

हे सारे प्रत्यक्षात घडले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात मेपलची झाडे पोखरणारा एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा सापडला. तो मूळचा चीन आणि कोरियाकडचा. मालाबरोबर आलेल्या लाकडी वेष्टनातून तो आला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. १९९८ मध्ये तो शिकागोतही आढळला. औषध फवारून खोडाच्या आतली अळी मरत नाही, म्हणून हजारो झाडे तोडून त्यांचा भुगा करावा लागला.

त्याहून जुने उदाहरण जपानचे आहे. तेथील पाइन वृक्ष विसाव्या शतकाच्या आरंभापासून भराभर वाळून मरू लागले होते. एक मिलिमीटरसुद्धा लांब नसलेला सूत्रकृमी या रोगाच्या मुळाशी आहे, हे १९७१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा सूत्रकृमी मूळचा उत्तर अमेरिकेतला. तेथील पाइन वृक्षांना त्याचा फारसा उपद्रव होत नाही, जपानचे वृक्ष मात्र काही महिन्यांत मरतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याला लांब मिशांचा भुंगेराच वाहून नेतो. १९९९ मध्ये हा कृमी पोर्तुगालमध्ये आढळला आणि युरोपचे वनाधिकारी हादरले. २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हिरव्या रंगाचा आणखी एक परदेशी भुंगेरा सापडला. त्याने पुढील काळात उत्तर अमेरिकेतील अ‍ॅश जातीचे कोट्यवधी वृक्ष मारले.

मालाखालच्या एका साध्या पाटावरून जंगलेच्या जंगले धोक्यात येऊ शकतात, हे अशा अनुभवांतून जगाला कळले.

५६ अंश, ३० मिनिटे

म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली एक मानक तयार झाले. त्याचा क्रमांक १५. देशाबाहेर जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या वेष्टनाची साल काढलेली असली पाहिजे आणि त्यातील कीड मारलेली असली पाहिजे, असे ते सांगते. कीड मारण्याची मुख्य रीत म्हणजे उष्णता. लाकूड अशा तऱ्हेने तापवायचे, की त्याचा गाभासुद्धा सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सियसवर राहील.

नाशिकचा उन्हाळा कधी कधी चाळीस अंशांच्या वर जातो. मग पॅलेट उन्हात ठेवली तर भागणार नाही का? नाही. चाळीस-बेचाळीस अंशांत लाकडातली अळी आरामात जगते. तापमान पन्नासच्या बरेच वर जाऊन टिकून राहिले, की सजीवांच्या शरीरातील प्रथिनांची घडण मोडू लागते. अंडे उकडल्यावर त्याचा पातळ बलक घट्ट होतो तो याच प्रकारचा बदल होय. प्रथिने अशी मोडली, की अळी असो वा सूत्रकृमी, त्याचे जीवनव्यापार थांबतात.

‘गाभासुद्धा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. म्हणून तर कढईला आणि तव्याला लाकडी मूठ बसवतात. भट्टीतील हवा ७० अंशांवर गेली, तरी फळीच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोहोचायला वेळ लागतो. हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो. पॅलेटची वरची फळी १८ मिलिमीटर जाड आणि खालचा ठोकळा ९० मिलिमीटर जाड आहे असे धरा. ठोकळा पाचपट जाड, म्हणजे वेळ ढोबळमानाने पंचवीसपट! ठोकळा चहूबाजूंनी तापतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून थोडा कमी असतो. तरीही तापमापक फळीत खुपसून चालणार नाही, हे उघड आहे. तो सर्वांत जाड ठोकळ्याला भोक पाडून त्याच्या मध्यात बसवतात. तेथे ५६ अंश भरले, की मग ३० मिनिटे मोजायला सुरुवात होते.

काम पूर्ण झाल्यावर पॅलेटवर शिक्का उमटवतात. त्यात गव्हाच्या ओंबीसारखे एक चिन्ह, देशाची दोन अक्षरे (भारतासाठी ‘आयएन’), उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि उपचाराची खूण असते. उष्णतेसाठी ‘एचटी’ ही अक्षरे वापरतात. भारतात हा शिक्का वापरण्याचा परवाना फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या देखरेखीखाली मिळतो. कोणी सुतार हौसेने तो उमटवू शकत नाही. बाहेरच्या देशांतून भारतात येणाऱ्या लाकडी वेष्टनालाही हाच नियम लागू आहे, कारण आपल्याही बागा आणि जंगले जपायची आहेत.

‘एमबी’ अशी दुसरी खूणही दिसते. ती मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूच्या धुरीची. हा वायू कीड मारतो खरा, पण तो वातावरणात वर गेला म्हणजे ओझोनच्या थराचे नुकसान करतो. ओझोनरक्षणाचा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये त्याच्या यादीत मिथिल ब्रोमाइडची भर पडली. संगरोधाच्या कामासाठी त्याला सवलत ठेवली होती, तरी युरोपीय संघाने २०१० पासून आपल्या प्रदेशात त्याचा वापर बंद केला. त्यामुळे उष्णतेचा उपचार अधिक चांगला समजला जातो.

शिक्का नसेल तर?

द्राक्षे तोडल्यावरही जिवंत असतात. ती श्वसन करतात, साखर खर्च करतात, पाणी गमावतात. त्यांचे आयुष्य लांबवण्यासाठी त्यांना शून्य अंशाच्या आसपास ठेवावे लागते. पेटीत सोडियम मेटाबायसल्फाइट असलेला कागद घालतात. आतील ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन सल्फर डायऑक्साइड वायू सावकाश बाहेर पडतो आणि करड्या बुरशीला आळा बसतो. पण कागदातले रसायन मोजकेच असते.

नाशिक भागातून न्हावाशेवा बंदर सुमारे दोनशे किलोमीटर. तेथून युरोपपर्यंत सुएझ कालव्यातून तीन आठवडे किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले आणि हा प्रवास आणखी लांबला. इतके दिवस काटेकोर सांभाळलेली द्राक्षे पोहोचली आणि तपासणीत पॅलेटवर शिक्का नाही किंवा लाकडात जिवंत अळी आहे असे आढळले, तर माल अडकतो. पॅलेट बदलावी लागतात, नष्ट करावी लागतात किंवा सारा माल परत न्यावा लागतो. द्राक्षांत काहीही दोष नसतो. दोष खालच्या फळीत असतो. पण दरम्यान द्राक्षांचे देठ तपकिरी पडू लागतात आणि बागायतदाराची वर्षभराची मेहनत त्या फळीपायी कमी भावाने विकली जाते.

म्हणून पॅकहाऊसमधला जाणता माणूस पेट्या रचण्यापूर्वी प्रत्येक पॅलेटचा शिक्का पाहतो. दुरुस्तीसाठी एखादी नवी फळी ठोकली असेल, तर तिच्यावरही उपचार झालेला आहे ना, याची तो खात्री करतो.

येथे एक इशारा द्यायला हवा. उष्णतेने कीड मरते, पण लाकूड त्यामुळे वाळतेच असे नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून अधिक राहिला, तर बाहेरून येणाऱ्या बुरशीला ते पोषक ठरते. शिक्का असलेल्या पॅलेटवरही काळी-हिरवी बुरशी दिसते ती यामुळेच. चांगले पॅलेट उपचार केलेले हवे आणि सुकेही हवे.

मग प्लॅस्टिक का नको?

प्लॅस्टिकला हा नियम लागू नाही. त्यात अळी राहत नाही, म्हणून भट्टी नको आणि शिक्काही नको. प्लायवुडलाही सूट आहे, कारण ते तयार करताना उष्णता, दाब आणि डिंक यांचा वापर झालेला असतो. प्लॅस्टिकची पॅलेट बहुधा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची किंवा पॉलिप्रोपिलीनची असतात. दोन्ही पाणी शोषत नाहीत. खिळे नाहीत, कुसळे नाहीत, धुतली की स्वच्छ. एका साच्यातून निघाल्यामुळे प्रत्येकाचे माप आणि वजन सारखे असते.

औषधांच्या कारखान्यात हे गुण मोलाचे ठरतात. २०१० मध्ये अमेरिकेत औषधाच्या बाटल्यांना कुबट वास येतो म्हणून मोठ्या प्रमाणावर माल परत मागवावा लागला होता. शोध घेता घेता तो वास लाकडी पॅलेटपर्यंत जाऊन पोहोचला. लाकूड टिकावे म्हणून त्याला लावलेल्या ब्रोमिनयुक्त रसायनापासून एक वासाचा पदार्थ तयार झाला होता आणि तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवत होता.

पण प्लॅस्टिकचेही दोष आहेत. पहिला दोष विसर्पणाचा, म्हणजे सतत भार राहिला तर हळूहळू वाकत जाण्याचा. मजल्यामजल्यांच्या मांडणीत पॅलेट फक्त दोन कडांवर टेकलेले असते. तेथे महिनोन् महिने भार राहिला, की प्लॅस्टिक मध्ये झुकते. म्हणून अशा पॅलेटमध्ये पोलादी नळ्या घालतात आणि किंमत वाढते. दुसरा दोष थंडीचा. साधे पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या सुमारास ठिसूळ होऊ लागते. शीतगृहात फोर्कलिफ्टचा धक्का बसला तर ते तडकते. पॉलिएथिलीन मात्र त्याहून पुष्कळ कमी तापमानातही चिवट राहते. शीतगृहासाठी प्लॅस्टिकचे पॅलेट घेताना ते कोणत्या प्लॅस्टिकचे, हे विचारलेच पाहिजे.

तिसरा दोष आगीचा. एक किलो पॉलिएथिलीन जळले तर सुमारे ४६ मेगाजूल उष्णता बाहेर पडते, तर एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे १७. शिवाय प्लॅस्टिक वितळून वाहते आणि आग पसरवते. गोदामात रिकामी पॅलेट रचताना हे विसरून चालत नाही.

चौथा दोष दुरुस्तीचा. लाकडी पॅलेटची एक फळी मोडली, तर सुतार ती काढून दुसरी ठोकतो. प्लॅस्टिकचे पॅलेट तडकले, तर ते बहुधा वितळवायलाच द्यावे लागते.

हिशेब मांडू या

आता पैशांकडे वळू. पुढील किमती केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत. तुमच्या गावचे दर विचारून तुम्ही त्या बदलू शकता. लाकडी पॅलेट ९०० रुपये, ते १० फेऱ्या टिकते आणि परत आल्यावर प्रत्येक वेळी ४० रुपये दुरुस्ती लागते. प्लॅस्टिकचे पॅलेट ३,००० रुपये, ते ६० फेऱ्या टिकते आणि दुरुस्ती नाही.

पहिली स्थिती : पॅलेट युरोपला गेले आणि तेथेच राहिले. फेरी एकच. लाकडाचा खर्च ९०० रुपये, प्लॅस्टिकचा ३,०००. येथे वाद संपला.

दुसरी स्थिती : पॅलेट एकाच कारखान्याच्या आवारात फिरते, कधी हरवत नाही. लाकडाचा खर्च ९०० अधिक ९ दुरुस्त्यांचे ३६०, म्हणजे १,२६० रुपये. दर फेरीला १२६ रुपये पडले. प्लॅस्टिकचे ३,००० भागिले ६०, म्हणजे ५० रुपये. येथे प्लॅस्टिक सरस.

तिसरी स्थिती सर्वांत मनोरंजक आहे. पॅलेट दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकाकडे जातात आणि दर फेरीला दहांतले एक परत येत नाही. शंभर लाकडी पॅलेट घ्या. पहिल्या फेरीला १००, दुसऱ्या फेरीला ९०, मग ८१, मग ७३, असे करीत दहाव्या फेरीला ३९ उरतात. साऱ्यांची बेरीज केली तर सुमारे ६५० फेऱ्या होतात. खर्च ९०,००० रुपये आणि सुमारे ५५० दुरुस्त्यांचे २२,०००. दर फेरीला सुमारे १७२ रुपये पडतात. आता शंभर प्लॅस्टिकची पॅलेट घ्या. ती साठ फेऱ्या टिकणारी असली, तरी तोपर्यंत राहतात कोठे? बेरीज होते सुमारे १,००० फेऱ्यांची. तीन लाख भागिले हजार, म्हणजे ३०० रुपये. प्लॅस्टिक हरले!

हरवण्याचे प्रमाण शंभरात दोनवर आणले तर? मग प्लॅस्टिकच्या सुमारे ३,५०० फेऱ्या होतात आणि दर फेरीला ८६ रुपये पडतात. लाकडाचे १३४ पडतात. प्लॅस्टिक पुन्हा जिंकले.

पाहिलेत ना? किंमत बदलली नाही, टिकाऊपणा बदलला नाही. बदलले ते फक्त परत येण्याचे प्रमाण. म्हणून कोणी व्यापारी ‘लाकूड घेऊ की प्लॅस्टिक?’ असे विचारू लागला, तर त्याला आधी उलट प्रश्न करावा, ‘पॅलेट परत येणार आहे का?’

नाशिकमधली उत्तरे

हा प्रश्न हाताशी धरून नाशिक जिल्ह्यात फिरून येऊ. द्राक्षांचे पॅलेट युरोपहून रिकामे परत आणण्याचे भाडे त्याच्या किमतीला परवडत नाही. तेथे उपचार केलेले, सुके लाकूडच योग्य. त्याच पॅकहाऊसमध्ये निवडीच्या टेबलापासून पूर्वशीतनाच्या खोलीपर्यंत दिवसभर फिरणारे पॅलेट मात्र बाहेर जात नाही, रोज धुवावे लागते. तेथे पॉलिएथिलीनचे पॅलेट शोभते. औषधांच्या कारखान्यातील आतल्या वाहतुकीलाही तेच लागू. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून यंत्रांचे सुटे भाग दुसऱ्या कारखान्याला जात असतील, तर रिकाम्या गाडीतून पॅलेट परत आणण्याची शिस्त आहे की नाही, यावर उत्तर ठरते.

परत येण्याची ही अडचण काही ठिकाणी एकोप्याने सोडवली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे ठेवलेली पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांतून तेथे एक सामाईक साठा उभा राहिला. त्यातूनच पुढे भाड्याने पॅलेट देण्याचा मोठा धंदा वाढला. युरोपात १९६१ पासून रेल्वे कंपन्यांनी ८०० × १,२०० मिलिमीटरचे एकच माप ठरवले. भरलेले पॅलेट द्यायचे आणि तसेच रिकामे पॅलेट लगेच परत घ्यायचे, अशी ही पद्धत. माझेच पॅलेट परत यायला हवे असे नाही, तसे दुसरे आले तरी चालते. ही पॅलेट लाकडी आहेत आणि तरीही वर्षानुवर्षे फिरतात. वस्तू कशाची केली आहे याइतकीच ती कशी वापरली जाते ही गोष्टही महत्त्वाची असते, हे यावरून दिसते.

करून पाहा

१. सुताराकडून ताज्या लाकडाचा छोटा तुकडा आणा. वजन करा. आठवडाभर उन्हात वाळवून पुन्हा वजन करा. घटलेल्या वजनाला वाळलेल्या वजनाने भागून शंभराने गुणा. उन्हात सगळे पाणी जात नाही, तरी तेवढ्याने किती टक्के ओलावा गेला हे कळेल. तो तुकडा पावसाळ्यात पुन्हा तोलून पाहा.

२. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी ठेवा आणि मध्यावर एखादे वजन ठेवा. लगेच किती वाकली ते मोजा. चार दिवसांनी पुन्हा मोजा. लाकडी पट्टीवर हाच प्रयोग करा आणि तुलना करा.

३. बाजारात किंवा कारखान्याजवळ पडलेल्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का शोधा. देशाची अक्षरे वाचा आणि उपचार कोणता, ते ओळखा. वर्गातील मुलांनी मिळून यादी केली, तर तुमच्या गावात किती देशांचे लाकूड येऊन गेले ते समजेल. पॅलेट जाळण्याच्या मोहात मात्र पडू नका. त्याच्यावर कोणते रसायन आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

शिक्षकांनी तिसऱ्या स्थितीचा हिशेब भूमिती श्रेढीचे उदाहरण म्हणून फळ्यावर सोडवून घ्यावा. हरवण्याचे प्रमाण किती टक्के असले म्हणजे लाकूड आणि प्लॅस्टिक यांचा खर्च सारखा होईल, हे मुलांना शोधू द्यावे. ते उत्तर दोन टक्के आणि दहा टक्के यांच्या मध्ये कोठेतरी आहे.